नाहूर ते मॅक्वारी स्ट्रीट

सिडनीच्या मॅक्वारी स्ट्रीटवर न्यू साउथ वेल्स राज्याचं विधिमंडळ ज्या इमारतीत भरतं, ती इमारत रमच्या मक्त्यावर उभी राहिली. १८१० च्या अखेरीस तिथला गव्हर्नर लॅकलन मॅक्वारी याने तिघांशी करार केला. त्यांनी सरकारला इस्पितळ बांधून द्यायचं, आणि त्या बदल्यात तीन वर्षं वसाहतीत रम आणून विकण्याचा हक्क त्यांचा. सुरुवातीला ४५,००० गॅलनची मर्यादा ठरली, पुढे ती ६०,००० वर गेली. इस्पितळासाठी लंडनकडून पैसा मिळत नव्हता आणि वसाहतीत रोख नाणं औषधालाही सापडत नव्हतं. रम मात्र होती, आणि तिच्यासाठी वाट्टेल ते मोजायला तयार असलेली माणसं होती. १८१६ साली काम पुरं झालं. लोकांनी त्याला ‘रम हॉस्पिटल’ म्हणायला सुरुवात केली, ते नाव आजही टिकून आहे. मधली मुख्य इमारत १८७९ मध्ये पाडली, पण दोन बाजूंच्या दोन इमारती शाबूत आहेत. एकीत आमदार बसतात. दुसरीत पुढे टांकसाळ निघाली होती, म्हणून तिला आज ‘मिंट’ म्हणतात.

माझी मुलगी सिडनीच्या पश्चिमेला वेंटवर्थव्हिलला राहते. त्या भागात मराठी घरं बरीच आहेत, संध्याकाळी बागेत फिरताना मराठी कानावर पडतं. वेंटवर्थ घराण्याच्या नावावरून हे उपनगर ओळखलं जातं, आणि त्या घराण्याचा मूळ पुरुष डार्सी वेंटवर्थ हा रम हॉस्पिटलच्या तीन मक्तेदारांपैकी एक. हे मला तिथे पोहोचल्यावर कळलं आणि मग पुढचा सगळा मुक्काम त्याच नादात गेला. ऑपेरा हाऊस, हार्बर ब्रिज, बाँडायचा किनारा हे रीतसर पाहून झालं होतं. खरी ओढ होती ती मॅक्वारीच्या सिडनीची, आणि त्या ओढीचं कारण आमच्या नाहूरच्या आसपास आहे.

नाहूर म्हणजे भांडुप आणि मुलुंड यांच्या मधलं, धीम्या गाड्यांचं स्टेशन. पूर्वेला द्रुतगती मार्गाच्या पलीकडे मिठागरं, पश्चिमेला लालबहादूर शास्त्री मार्ग, ज्याला जुनी मंडळी अजून आग्रा रोड म्हणतात. साष्टीचा हा सगळा पट्टा पेशव्यांकडून इंग्रजांच्या हाती गेला तो १७७४ च्या डिसेंबरात, आणि १७८२ च्या सालबाईच्या तहाने त्यांच्याकडेच राहिला. त्यानंतर वीसेक वर्षांत, १८०३ च्या सुमारास, शेजारच्या भांडुपला रमची मोठी भट्टी चालत होती. मालक ल्यूक ऍशबर्नर, मुंबईचा ऑल्डरमन आणि ‘बॉम्बे कुरियर’ या वर्तमानपत्राचा संपादक. भरभराटीच्या काळात तिथून वर्षाला लाखभर गॅलन दारू निघायची आणि सरकारी कंत्राटाने गोऱ्या फौजेला, आरमाराला पुरवली जायची. रम हा तेव्हाच्या इंग्रजी सैन्याचा शिधाच होता. शिपायाला भाकरी-मांसाइतकीच ती हक्काची. त्यामुळे जिथे जिथे ही फौज गेली तिथे तिथे पिंपं गेली. ज्या मुंबईची फौज भांडुपच्या भट्टीवर पोसली जात होती, त्याच मुंबईत सिडनीचा भावी गव्हर्नर लहानाचा मोठा अधिकारी झाला.

मॅक्वारी स्कॉटलंडच्या उल्वा नावाच्या चिमुकल्या बेटावरचा. घरची गरिबी, म्हणून पोरवयातच फौजेत. अमेरिका, जमैका करून ७७ व्या पलटणीबरोबर तो मुंबईत उतरला ऑगस्ट १७८८ मध्ये. त्याच वर्षीच्या जानेवारीत कैद्यांनी भरलेली अकरा जहाजं घेऊन कॅप्टन आर्थर फिलिप सिडनीच्या खाडीत शिरला होता. म्हणजे ज्या वर्षी वसाहत जन्मली त्याच वर्षी तिचा पुढचा कर्ता मुंबईच्या किल्ल्यात दाखल झाला, आणि तिच्याशी आपला काही संबंध येईल हे त्याच्या गावीही नव्हतं. पुढची सुमारे वीस वर्षं, मधली काही परदेशातली सोडली तर, त्याचं बस्तान मुंबईतच होतं. इथून तो कण्णूरला, कोचीला, कोलंबोला लढायला गेला. टिपू सुलतानाविरुद्ध श्रीरंगपट्टणच्या वेढ्यात होता. १८०१ मध्ये इजिप्तच्या मोहिमेवर गेला आणि परत इथेच आला. मुंबईचा गव्हर्नर जोनाथन डंकन याचा तो लष्करी चिटणीस होता. शीव आणि कुर्ला यांना जोडणारा डंकन कॉजवे बांधला गेला तो याच डंकनच्या कारकिर्दीत, १८०० च्या आगेमागे. तोवर मुंबई बेटावरून साष्टीत यायला होडीशिवाय इलाज नव्हता. त्या बांधानंतर कुर्ला, विक्रोळी, भांडुप, नाहूर, मुलुंड ही ओळ गाडीवाटेने मुंबईला जोडली गेली. आज शीवच्या सिग्नलला खोळंबलेल्या बसमध्ये बसलेल्या माणसाला त्या गव्हर्नरचं नाव ठाऊक असण्याचं कारण नाही, पण त्याची कबर आणि संगमरवरी स्मारक फोर्टच्या सेंट थॉमस कॅथीड्रलमध्ये आहे, आणि ते पाहण्याजोगं आहे.

मॅक्वारीला मुंबईने बायकोही दिली. जेन जार्व्हिस, वेस्ट इंडीजमधल्या अँटिग्वा बेटावरच्या श्रीमंत घरातली. १७९३ च्या सप्टेंबरात दोघांचं लग्न झालं. तिच्या वाट्याला आलेला पैसा उसाच्या मळ्यांचा, म्हणजे आफ्रिकेतून गुलाम करून आणलेल्या माणसांच्या घामाचा. तीन वर्षांत तिला क्षयाने गाठलं. हवापालटासाठी मॅक्वारी तिला चीनच्या किनाऱ्यावर मकाऊला घेऊन गेला, तिथेच जुलै १७९६ मध्ये ती गेली. त्याने तिचा देह तिथे ठेवला नाही. जहाजाने मुंबईत आणून १७९७ च्या जानेवारीत इथल्या मातीत पुरला. पुढे स्कॉटलंडमध्ये मल बेटावर जमीन घेतली तेव्हा तिला ‘जार्व्हिसफील्ड’ असं नाव दिलं. नावं ठेवण्याची हौस या माणसाला जन्मभर होती. सिडनीच्या नकाशावर तिचा पसारा दिसतो.

आता त्याच्या आयुष्यातली जी गोष्ट मला सगळ्यात जास्त बोचते ती सांगते. १७९५ मध्ये कोचीच्या गुलामांच्या बाजारातून त्याने दोन पोरगे विकत आणवले. वय सहा-सात वर्षं. दोघांचे मिळून १७० रुपये पडले, अशी नोंद त्याने स्वतःच्या रोजनिशीत केली आहे. त्यांना नवे कपडे शिवले, हेक्टर आणि जॉर्ज अशी नावं ठेवली, मुंबईतल्या शाळेत घातलं. हेक्टर त्याच्या आयुष्यातून लवकरच गेला. जॉर्ज मात्र अखेरपर्यंत राहिला, जॉर्ज जार्व्हिस या नावाने, मालकिणीच्या माहेरचं आडनाव लावून. मुंबईहून इराण आणि रशियामार्गे इंग्लंड, तिथून सिडनी, बारा वर्षं सिडनीच्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये, मग परत स्कॉटलंड. सिडनीत त्याने गव्हर्नरच्याच घरात कामाला असलेल्या एका कैदी बाईशी लग्न केलं. मॅक्वारीच्या कागदपत्रांत त्याच्याबद्दल माया दिसते, विश्वास दिसतो. पण कोचीत त्याचे आईबाप कोण होते, त्याला घरी काय नावाने हाक मारायचे, हे लिहून ठेवण्याची गरज कुणालाच वाटली नाही. ज्या माणसाने रस्त्यांना, नद्यांना, गावांना नावं वाटली त्याच्या घरात हा मुलगा आपलं नाव हरवून वाढला.

मॅक्वारीच्या या रोजनिश्या सिडनीतच, मॅक्वारी स्ट्रीटवरच्या राज्य ग्रंथालयाच्या मिचेल लायब्ररीत जपलेल्या आहेत. त्या वाचायला आता तिथे जावं लागत नाही, बऱ्याचशा संगणकावर मिळतात. तरी जावं, ते तिथल्या दालनाच्या फरशीसाठी. आत शिरल्याबरोबर पायाखाली रंगीत संगमरवराच्या तुकड्यांनी मढवलेला एक भलामोठा नकाशा येतो. डच दर्यावर्दी आबेल टास्मान याच्या १६४२ ते १६४४ च्या सफरींवरून काढलेल्या नकाशाची ती प्रतिकृती. पश्चिम किनारा नीट आखलेला, उत्तरेचा बराचसा, दक्षिणेला टास्मानियाचा तुकडा. पूर्वेकडे मात्र काहीच नाही. सिडनी जिथे आहे ती बाजू कोरीच सोडलेली. माझ्याबरोबर माझी नात होती. ती त्या कोऱ्या जागेवर उभी राहून म्हणाली, “आजी, इथे आपलं घर यायला हवं ना?”

ही कोरी जागा भरायला युरोपला आणखी सव्वाशे वर्षं लागली. दक्षिणेला एक प्रचंड खंड असलाच पाहिजे, नाहीतर पृथ्वीचा तोल कसा राहील, असं युरोपातले विद्वान शतकानुशतकं मांडत आले होते. प्रत्यक्ष किनारा पाहिल्याची पहिली खात्रीची नोंद १६०६ ची, विलेम यान्सझोन या डच कप्तानाची. त्याच्या ‘डॉयफकेन’ या जहाजाची हुबेहूब प्रतिकृती डार्लिंग हार्बरच्या सागरी संग्रहालयाच्या धक्क्याला बांधलेली असते. इतकं लहान जहाज! आपल्याकडच्या मोठ्या मचव्यावर बसलेल्या माणसाला ते पाहून दडपण येऊ नये. त्यावरून माणसं जावा-बांद्यापासून अनोळखी किनाऱ्यांवर जात होती.

हे डच म्हणजे तेच, ज्यांची पडकी वखार वेंगुर्ल्याला उभी आहे. डच ईस्ट इंडिया कंपनीने वेंगुर्ल्याला बस्तान मांडलं ते १६३७-३८ च्या सुमारास, गोव्याच्या पोर्तुगीजांची नाकेबंदी करायला. त्यांची जहाजं तिथे पाणी आणि शिधा भरून घ्यायची. बटाव्हिया, म्हणजे आजचं जकार्ता, हे त्यांचं मुख्य ठाणं होतं. वेंगुर्ला हा त्या जाळ्यातला एक गाठीचा धागा, आणि ऑस्ट्रेलियाचा पश्चिम किनारा हा त्याच जाळ्याचा अपघाताने सापडलेला काठ. केप ऑफ गुड होपवरून वाऱ्याच्या जोरावर थेट पूर्वेला जायचं आणि मग उत्तरेला वळायचं, हा डचांचा जलद मार्ग होता. वळण चुकलं की जहाज त्या किनाऱ्यावर आदळायचं. १६२९ मध्ये ‘बटाव्हिया’ नावाचंच जहाज असं आदळलं. त्याचा मुखिया फ्रान्सिस्को पेल्सार्ट हा त्याआधी सात वर्षं आग्र्याला डचांच्या निळीच्या व्यापाराचं काम पाहत होता, आणि जहांगिराच्या काळातल्या हिंदुस्थानचं त्याने लिहून ठेवलेलं वर्णन आजही इतिहासकार वापरतात. पेल्सार्ट मदत आणायला होडीने बटाव्हियाला गेला तेवढ्यात मागे राहिलेल्यांत बंड झालं आणि शंभराहून जास्त माणसं कापली गेली. परत येऊन त्याने म्होरक्यांना फाशी दिलं आणि दोघांना मुख्य भूमीवर सोडून दिलं. ऑस्ट्रेलियाच्या भूमीवर वस्तीला राहिलेले पहिले युरोपीय म्हणून ज्यांची नोंद होते, ते हे दोन बंडखोर.

डचांना त्या किनाऱ्यावर ना मसाले दिसले ना सोनं, म्हणून त्यांनी तो सोडून दिला. १७७० मध्ये जेम्स कुक पूर्व किनाऱ्याने वर गेला, बॉटनी बेला उतरला, तिथल्या ग्वीगल लोकांनी भाले उगारून विरोध केला तेव्हा बंदूक चालवली, आणि ऑगस्टात सगळा पूर्व किनारा इंग्लंडच्या राजाच्या नावाने जाहीर करून टाकला. ज्यांची जमीन होती त्यांना विचारलं नाही. त्या खंडावर माणसं हजारो पिढ्या राहत होती. पुढे अमेरिका इंग्लंडच्या हातून निसटली, कैदी पाठवायला जागा उरली नाही, आणि कुकचा किनारा कामाला आला. आपल्याकडच्या माणसाला काळ्या पाण्याची शिक्षा म्हटली की अंदमान आठवतं. इंग्लंड-आयर्लंडच्या गरिबांचं काळं पाणी हे होतं. १७८८ ते १८६८ या काळात सुमारे १,६२,००० कैदी ऑस्ट्रेलियात उतरवले गेले.

या कैद्यांना आणि त्यांच्या राखणदारांना पोसायचं कसं, याचं उत्तर सिडनीपासून सगळ्यात जवळ असलेल्या इंग्रजी बंदरांत होतं, म्हणजे हिंदुस्थानात. तांदूळ, गहू, गुरं, कापड, साखर, साबण आणि अर्थात रम. मोठा व्यापार कलकत्त्याचा. कलकत्त्याच्या कॅम्पबेल आणि क्लार्क या पेढीने १७९६ च्या नोव्हेंबरात ‘सिडनी कोव्ह’ नावाचं जहाज भरून पाठवलं, त्यात सुमारे ७,००० गॅलन रम होती. खलाशी बहुतेक बंगालचे. टास्मानियाच्या उत्तरेला एका बेटापाशी फेब्रुवारी १७९७ मध्ये ते फुटलं. माणसांनी पहिलं काम काय केलं, तर रमची पिंपं शेजारच्या बेटावर नेऊन ठेवली, खलाशांच्या हाती लागू नयेत म्हणून. त्या बेटाचं नावच रम आयलंड पडलं. मग सतरा जण होडीने मदत आणायला निघाले, तीही होडी फुटली, आणि उरला सहाशे-सातशे किलोमीटरचा किनारा पायी तुडवायचा. सतरापैकी बारा हिंदी खलाशी होते.

सिडनीच्या दक्षिणेला वाटामोला नावाची एक छोटी खाडी आहे. जावयाने एका रविवारी गाडीने तिथे नेलं. मागे खारं तळं, त्यात पडणारा लहानसा धबधबा, पुढे वाळू आणि शांत पाणी. पोरं खडकावरून उड्या मारत होती, बायका सतरंज्या टाकून डबे उघडत होत्या. १७९७ च्या मेमध्ये मासेमारीच्या एका होडीला या खाडीपाशी तीन माणसं दिसली. पेढीचा विल्यम क्लार्क, एक गोरा खलाशी, आणि एक हिंदी खलाशी. बाकीचे वाटेत राहिले होते. वाटेत किनाऱ्यावरच्या मूळ रहिवाशांनी त्यांना मासे दिले, नद्या पार करून दिल्या, काही ठिकाणी हल्लाही केला. क्लार्कने सिडनीला पोहोचून वाटेत कोळसा पाहिल्याचं सांगितलं. जहाज कुठे फुटलं याच्या चौकशीतून टास्मानिया हे वेगळं बेट असल्याचा संशय बळावला, आणि १७९८-९९ मध्ये बास आणि फ्लिंडर्स यांनी त्याला प्रदक्षिणा घालून तो खरा ठरवला. पूर्व किनाऱ्याचा एवढा पल्ला जमिनीवरून तोवर कुणाही परक्याने तुडवला नव्हता, आणि तो तुडवून पोहोचलेल्या तिघांत एक आपल्याकडचा होता. शोधाच्या इतिहासात कप्तानांची नावं ठळक छापतात. मला त्या खाडीवर उभं राहून वाटलं, त्या खलाशाला कलकत्त्याला परतल्यावर घरच्यांनी विचारलं असेल का, तू कुठवर जाऊन आलास?

अशा व्यापारात रम हेच नाणं झालं. मजुरी रममध्ये, जमिनीचा सौदा रममध्ये. मक्ता फौजेच्या अधिकाऱ्यांकडे. तो मोडायला गेलेला गव्हर्नर विल्यम ब्लाय, ज्याच्याविरुद्ध ‘बाउंटी’ जहाजावर बंड झालं होतं तोच, २६ जानेवारी १८०८ रोजी त्याच्याच फौजेने अटकेत टाकला. याला रम बंड म्हणतात. लंडनने आधी माइल्स नाइटिंगल या सेनानीला नेमलं, पण तो आजारी पडला आणि जागा मॅक्वारीला मिळाली. हाच नाइटिंगल पुढे मुंबईच्या फौजेचा सरसेनापती होऊन आला, आणि पेशवाई बुडाली त्या वर्षांत तो त्या पदावर होता. आजारपण आडवं आलं नसतं तर सिडनीच्या त्या रस्त्याला कदाचित त्याचं नाव असतं.

१ जानेवारी १८१० ला मॅक्वारीने कारभार हाती घेतला. त्याच्याआधीचे सगळे गव्हर्नर आरमाराचे, हा पहिला फौजेचा. मुंबईत हिशेब, पगार, कागदपत्र, कवायत यांत त्याचा हात बसला होता आणि तो इथे दिसतो. रस्ते सरळ केले, त्यांना नावं दिली, हॉक्सबरी नदीकाठी पाच गावं आखली. नाण्याचा प्रश्न त्याने कसा सोडवला ते ऐकण्यासारखं आहे. ईस्ट इंडिया कंपनीने मद्रासहून ‘समरंग’ जहाजातून ४०,००० स्पॅनिश डॉलर पाठवले. ते बाहेर जाऊ नयेत म्हणून मॅक्वारीने विल्यम हेन्शल नावाच्या, खोटी नाणी पाडल्याबद्दल शिक्षा झालेल्या कैद्याला बोलावून प्रत्येक नाण्याच्या मधोमध भोक पाडायला लावलं. कडं पाच शिलिंगांचं, आतून निघालेली टिकली पंधरा पेन्सांची. एका नाण्याची दोन झाली, आणि कडं दुसरीकडे कुठे चालेना. हे नाणं मी काचेआडून बराच वेळ पाहिलं. बाहेरच्या गोलावर स्पेनच्या राजाचं नाव अर्धवट राहिलेलं, भोकाभोवती न्यू साउथ वेल्स आणि १८१३ ही अक्षरं. काही नाण्यांवर पानांच्या नक्षीत हेन्शलने आपल्या आडनावाचं पहिलं अक्षर लपवून ठेवलं आहे, मुंगीएवढं. स्पेनच्या अमेरिकेतल्या वसाहतींची चांदी, मद्रासचं जहाज आणि इंग्लंडचा एक बनावट नाणीवाला, यांच्यातून ऑस्ट्रेलियाचं पहिलं नाणं तयार झालं.

कैद्यांना हाताशी धरून काम करून घेणं हेच मॅक्वारीचं वेगळेपण. शिक्षा भोगून सुटलेल्या माणसाला तो जेवायला बोलवायचा, दंडाधिकाऱ्याचं पद द्यायचा. खोटा दस्तऐवज केल्याबद्दल आलेल्या फ्रान्सिस ग्रीनवेला त्याने सरकारी वास्तुकार केलं, आणि या ग्रीनवेने रम हॉस्पिटलच्या बांधकामातली लबाडी पहिल्यांदा उघड केली. त्याने बांधलेली हाइड पार्क बराक्स ही इमारत, जिथे ६०० कैदी झोळ्यांत झोपायचे, ती आता संग्रहालय आहे आणि युनेस्कोच्या यादीत आहे. माथ्यावर मॅक्वारीचं नाव कोरलेलं. आत सगळ्यात बोलकी वस्तू कोणती, तर उंदरांची बिळं. लाकडी जमिनीखाली उंदरांनी वर्षानुवर्षं ओढून नेलेल्या चिंध्या, टोपीचे तुकडे, कागद, कैद्यांच्या सदऱ्यांचं कापड जसंच्या तसं राहिलं. सरकारी दप्तरात कैद्याचा नंबर असतो. त्याच्या सदऱ्याला कुठे ठिगळ होतं हे उंदरांनी जपून ठेवलं.

इंग्लंडातल्या बड्या लोकांना हे कैद्यांचे लाड पसंत पडले नाहीत. चौकशीसाठी जॉन बिग या अधिकाऱ्याला पाठवलं, त्याने कडक ठपका ठेवला, आणि मॅक्वारी १८२२ मध्ये परतला. दोन वर्षांनी लंडनला वारला. मल बेटावरच्या त्याच्या थडग्यावर ‘ऑस्ट्रेलियाचा पिता’ असं कोरलं आहे. ऑस्ट्रेलिया हे नाव सरकारी कागदात रुळवण्यात त्याचा वाटा होता हेही खरं.

पण पित्याचं हे बिरुद मूळ रहिवाशांना कसं वाटत असेल? पॅरामाटाला त्याचं जुनं गव्हर्नमेंट हाऊस आहे, शेजारी हॅरिस पार्कमध्ये डोशाची आणि चाटची दुकानं ओळीने लागलेली. याच पॅरामाटात त्याने १८१५ मध्ये मूळ रहिवाशांच्या मुलांसाठी शाळा काढली. आईबापांपासून तोडून नवे कपडे, नवी नावं, नवी प्रार्थना. कोचीहून आणलेल्या दोन पोरांना मुंबईत जे दिलं होतं तेच. मला हे दोन प्रसंग वेगळे वाटतच नाहीत. त्याच्या दयेचा आणि क्रौर्याचा उगम एकच होता. दुसऱ्याच्या मुलाचं भलं आपल्याला त्याच्या आईपेक्षा जास्त कळतं, ही खात्री. सुटलेल्या कैद्याला त्याने जेवायला बसवलं ते त्याच खात्रीने. ती खात्री कुणी मोडली की मात्र तो फौजी व्हायचा.

१८१६ च्या एप्रिलमध्ये, वसाहतवाले आणि मूळ रहिवासी यांच्यातल्या चकमकी वाढल्यावर, त्याने तीन तुकड्या पाठवल्या. जे शरण येणार नाहीत त्यांना गोळ्या घालाव्यात, आणि मेलेल्यांचे देह उंच झाडांवर टांगावेत, बाकीच्यांना दहशत बसावी म्हणून, असा हुकूम त्याचा. १७ एप्रिलच्या पहाटे ऍपिनजवळ कॅप्टन जेम्स वॉलिसच्या शिपायांनी एक मुक्काम गाठला. गोळीबार झाला, काहींनी घाबरून दरीत उड्या टाकल्या. सरकारी आकडा चौदाचा, त्यात बाया आणि लेकरंही. तिथले मूळ रहिवासी धारावल लोक तो आकडा याहून मोठा सांगतात. कॅनबायगल नावाच्या म्होरक्याचा देह झाडाला टांगला, नंतर त्याची कवटी एडिनबरोला पोहोचली. ती १९९१ मध्ये ऑस्ट्रेलियाला परत आली.

ऍपिन वेंटवर्थव्हिलपासून गाडीने तासाभरावर आहे. शेवटच्या आठवड्यात मी मुलीला म्हटलं, तिकडे जाऊ या. ती म्हणाली, “आई, तिथे बघायला तसं काही नाही गं.” कॅटरॅक्ट धरणाच्या बागेत एक स्मृतिशिळा आहे, दरवर्षी एप्रिलमध्ये तिथे लोक जमतात, मूळ रहिवाशांचे वंशज आणि इतरही. आसपासचा परिसर २०२२ मध्ये राज्याच्या वारसा यादीत घेतला. दरी खरोखर खोल आहे. वरून पाण्याचा आवाज येत नाही, फक्त दिसतं. शिळेवरचा मजकूर मी नातीला वाचून दाखवला आणि तिने शाळेत काय शिकवलंय ते मला सांगितलं. तिला कॅनबायगलचं नाव ठाऊक होतं, धारावल हा शब्द ती माझ्यापेक्षा नीट उच्चारत होती. जॉर्ज जार्व्हिसचं नाव तिने ऐकलं नव्हतं, तेव्हा परतीच्या वाटेवर ते मी तिला सांगितलं, कोचीच्या बाजारापासून.